पाळणा पडायचा त्या देवळातला पखवाज

मित्रांनो, वर बघा. घंटेकडे नव्हे, तिच्या पलीकडे. खांबाच्या खुंटीला तांबड्या फडक्यात बांधलेलं एक पोट फुगलेलं गाठोडं टांगलंय ना, तोच मी. या रामाच्या देवळातला जुना पखवाज. खाली बसा जरा. देवळात आलात, देवाला नमस्कार केलात, आता घटकाभर माझंही ऐका. माझा आवाज आता बसलाय, पण सांगण्यासारखं माझ्यापाशी पुष्कळ आहे.

माझा जन्म फणसाच्या पोटी झाला. खाडीच्या काठी एक म्हातारा फणस होता. एका वादळात तो आडवा झाला, तेव्हा सावंतवाडीकडच्या एका कारागिराने त्याचा बुंधा विकत घेतला. त्याने मला आतून कोरलं, बाहेरून तासलं, दोन्ही तोंडांना चामडं मढवलं, चामड्याच्या पट्ट्यांच्या वाद्या ताणल्या आणि वाद्यांखाली लाकडी गट्टे ठोकले. उजव्या तोंडावर त्याने काळी शाई चढवली. डाव्या तोंडावर मात्र काहीच लावलं नाही. "हय वाजवताना कणीक लावूची," असं त्याने मला नेणाऱ्या तांडेलाला सांगितलं. तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख. समुद्रात मरता मरता वाचलेल्या त्या माणसाने रामाला पखवाज बोलला होता. असा मी नवसाचा!

मसुऱ्याच्या अलीकडे, खाडी वळते तिथे आमची वाडी. वाडीत हे रामाचं देऊळ, आणि देवळाच्या पडवीत तेव्हा शाळा भरायची. शाळेचे मास्तर होते दाजीमास्तर. आठवडाभर ते मुलांना पाढे शिकवायचे आणि उत्सवाला धोतर नेसून, उपरणं घेऊन, हातात चिपळ्या धरून कीर्तनाला उभे राहायचे. उभे राहिले की मास्तरांचे बुवा व्हायचे. मित्रांनो, कीर्तनासारखं सुख जगात दुसरं नाही, हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण मला पोटच तेवढं आहे. बुवा अभंग उचलत, टाळ लागत, माझ्यावर थाप पडे, आणि मासे विकून दमलेली बाई, भातशेतीतून आलेला गडी, सगळे एका तालावर डोलू लागत. तेव्हा देव गाभाऱ्यात थांबत नसे. तो सभामंडपात येऊन माणसांत बसे, असं मला वाटे.

पण आमच्या वाडीला एक खोड होती. लोक तिच्यावर हसायचे आणि आतून कष्टीही व्हायचे.

रामनवमीला भर दुपारी रामजन्म होतो. बुवा कथा त्या घटकेपर्यंत आणतात, कुंची घातलेला नारळ पाळण्यात ठेवतात, गुलाल उधळला जातो आणि लगेच पाळणा गायचा असतो. नेमका त्याच वेळी घंटा, शंख, झांजा आणि बाहेर गरनाळीचे, म्हणजे लहान तोफेचे, बार एकदम सुरू व्हायचे. माझ्यावर बसायचा परशुराम. हात मोठा गोड त्याचा. पण त्या गदारोळात त्याला बुवांचा शब्द ऐकू येत नसे. त्याचा कान घंटेमागे जाई आणि हात कानामागे. बुवा एकीकडे, पखवाज दुसरीकडे, आणि पाळण्याची दोरी ओढणाऱ्या बायका तिसरीकडेच. दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं मोडून पडायचं. मग कोणीतरी हमखास ओरडायचं, "रामजन्म झालो, पाळणो पडलो!" आणि सगळं देऊळ हसायचं.

दाजीमास्तर हसत नसत. एकदा मला फडक्यात बांधताना ते हळूच म्हणाले होते, "देव जल्माक येता, आनि पयला गाणा आमी तेका मोडका ऐकवतव." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या लाकडालाही ते सोसेना.

आता तुळसाची गोष्ट सांगतो.

तुळसा वाडीत मोलमजुरी करणाऱ्या जानकीची मुलगी. तिचा बाप मुंबईला गिरणीत. लहानपणी आलेल्या तापात तुळसाचे दोन्ही कान गेले आणि कानांमागून बोलणंही गेलं. वाडीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. मारून उपयोग काय, असं लोक म्हणायचे. जानकी कामाला गेली की तुळसा शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसायची. पोरं पाढे म्हणत, ती त्यांच्या तोंडांकडे बघत राही. शनिवारी शेवटच्या तासाला मास्तर मला खाली काढून, परशुरामाला वाजवायला बसवून मुलांकडून भजनं म्हणवून घेत. तेव्हा ती आणखी थोडी पुढे सरके.

एका शनिवारी ती उंबरा ओलांडून आत आली, सरळ माझ्यापाशी बसली आणि तिने आपला गाल माझ्या डाव्या तोंडावर टेकवला. ओल्या कणकेवर! परशुराम उजव्या बाजूला थाप मारतच होता. ती थाप माझ्या पोटातून फिरून तिच्या गालात शिरली. मित्रांनो, ते पोर खदाखदा हसलं. तिचं हसणं त्या पडवीत तोवर कोणी ऐकलंच नव्हतं. गालाला ही एवढी कणीक चिकटलेली, आणि तिचं हसू काही थांबेना.

मुलंही हसू लागली. परशुराम म्हणाला, "गो बाये, कणीक खातंस की काय?"

दाजीमास्तरांनी मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. परशुरामाला म्हणाले, "मार परत." थाप पडली. तुळसा हसली. परशुराम थांबला. तुळसा थांबली. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. मग पुटपुटले, "कान गेले म्हणून आमी दार लावून घेतला. ह्या चेडवान खिडकी शोधून काढली."

त्या दिवसापासून तुळसाची जागा उंबऱ्याबाहेरून माझ्याजवळ आली.

तिला शिकवायचं कसं, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. बोल तोंडाने म्हणून उपयोग नव्हता. आधी त्यांनी तिचा हात आपल्या हाताखाली धरून माझ्यावर थापा मारल्या. नंतर खाडीत मिळणाऱ्या, तिसऱ्या म्हणतात त्या माशांच्या रिकाम्या शिंपल्या आणून सारवलेल्या जमिनीवर मांडल्या. मोठी शिंपी म्हणजे दोन्ही हातांची भरदार थाप. लहान शिंपी म्हणजे नुसती बोटं. रिकामी जागा म्हणजे गप्प बसायचं. पाळण्याचा ठेका त्यांनी मांडला तो असा: एक मोठी, दोन लहान. एक मोठी, दोन लहान. तुळसाने त्या ओळीवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि वाजवलं. चुकलं. पुन्हा वाजवलं. गंमत म्हणजे ज्या पोरांना ताल म्हटला की झोप यायची, तीही शिंपल्यांभोवती उकिडवी बसून मांड्यांवर थापा मारू लागली.

किती वेगाने वाजवायचं हे तिला कसं कळणार? त्यालाही वाट निघाली. गाताना मास्तरांच्या उजव्या पायाचा अंगठा आपोआप वरखाली व्हायचा. तुळसाने तो अंगठा धरला. म्हणजे डोळ्यांनी धरला. मास्तर गात आणि ती अंगठा बघून वाजवी. त्यांचं तोंड कुठल्या शब्दावर आहे, हे तिला कळत नसे. पण त्यांचा जीव कुठल्या मात्रेवर आहे, हे कळे.

घोडं अडलं ते कणकेवर. ते दिवस रेशनचे. आमच्याकडे सगळा भात, गव्हाचं पीठ मिळणं कठीण. एकदा तांदळाचं पीठ भिजवून लावून पाहिलं. पहिल्याच थापेला त्याचा गोळा उडून परशुरामाच्या कपाळावर बसला! अखेर जानकीने शेजारीपाजारी पदर पसरून कणीक आणली आणि मास्तरांपुढे ठेवत म्हणाली, "मास्तरांनू, आमच्या घरात सणाक सुदा चपाती नाय, आनि ह्या पखवाजाक दर शनवारी कणीक!"

"तेचा पोट मोठा आसा गो, जानकी. काय करूचा?" मास्तर म्हणाले.

जानकी तोंडाला पदर लावून हसली. पण जाताना तिने माझ्यावरून हात फिरवला. खरखरीत, कष्टाचा हात. मला तो आशीर्वादासारखा वाटला.

देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. रामनवमी तोंडावर आली आणि परशुरामाने देवळात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "यंदा मी बसूचंय नाय. दरवर्साक पाळणो पडता आनि लोक हसतत माका. दुसरो कोण तरी बघा."

"बरा," दाजीमास्तर शांतपणे म्हणाले. "मगे यंदा तुळसा बसतली."

सभामंडपात गलका उडाला. परशुरामच पहिला ओरडला, "बहिऱ्या चेडवान ताल धरूचो? मगे उद्या आंधळ्यान पेटी वाजवूची!"

"तो दिवसय येतलो, परशुराम. घाई कित्याक?"

उत्सवाचा कारभार बघायचे भाई. माणूस वाईट नव्हता, पण देवाच्या कामात कमीजास्त झालेलं त्यांना खपत नसे. ते म्हणाले, "मास्तरांनू, देवाचो उत्सव म्हणजे शाळा नाय."

"भाई, उत्सवात सगळ्यांक जागा आसा म्हणून तर तो देवाचो."

भाईंनी एकदा गाभाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "येक वर्स बसांदे. पण पाळणो पडलो, तर पखवाज खुंटयेर आनि चेडू घराक. शनवारचा ता गाणाय बंद. चलात?"

मास्तरांनी मान डोलावली. मी वाद्यावाद्यांतून शहारलो. एका गाण्यावर त्या मुलीचा सगळा आनंद टांगला होता, आणि ते गाणं आमच्या वाडीला कधी पुरं करता आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जानकी आली. "नको, मास्तरांनू. लोक हसतले माज्या चेडवाक. तेका हसणा ऐकू येवचा नाय, पण माका येतला मां!"

उत्तर तुळसाने दिलं. आईच्या चेहऱ्यावरून तिने सगळं ओळखलं असावं. तिने आईचा हात धरून माझ्यापुढे बसवलं, आईचा तळवा माझ्या पोटावर ठेवला आणि वाजवलं. एक मोठी, दोन लहान. एक मोठी, दोन लहान. जानकीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी ती हळूहळू पुढेमागे झुलू लागली, मांडीवर मूल असल्यासारखी. त्यानंतर तिने 'नको' म्हटलं नाही.

रामनवमीला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मसुऱ्याहून लोक आले, होड्या भरून पलीकडच्या काठावरचे आले. निम्मे रामासाठी आले होते, निम्मे मजा बघायला. तुळसाने नवं परकर-पोलकं घातलं होतं. मास्तरांनी तिच्या कपाळाला बुक्का लावला, माझ्याही उजव्या-डाव्या तोंडाला नमस्कार केला आणि कीर्तनाला उभे राहिले.

पूर्वरंग सुरेख झाला. तुळसाचे डोळे अंगठ्यावर आणि हात माझ्यावर. एकही थाप इकडची तिकडे झाली नाही. कुजबुज थांबली. मागच्या खांबाला टेकून परशुराम उभा होता. नको नको म्हणता त्याची मान डोलू लागली. भाईंचा चेहरा मात्र तसाच. खरी परीक्षा पुढे होती, आणि ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दुपार भरली. बुवांनी कथा अयोध्येत आणली. कौसल्येच्या महालाचं वर्णन करता करता त्यांनी नारळ पाळण्यात ठेवला, आणि "राजा रामचंद्र की जय!" एकदम घंटा, शंख, झांजा! बाहेर गरनाळ धडाडली. गुलालाने हवा लाल झाली. आणि सगळं देऊळ दर्शनासाठी एकदम उठून उभं राहिलं.

हे आम्ही कोणीच हिशेबात धरलं नव्हतं, मित्रांनो. दरवर्षी माणसं उठतात हे ठाऊक होतं, पण उठलेली माणसं अंगठा झाकतील, हे मास्तरांच्याही ध्यानात आलं नव्हतं. तुळसापुढे नुसत्या पाठी, धोतरं आणि लुगडी. मास्तर दिसेनात, अंगठा दिसेना. तिचे दोन्ही हात माझ्यावरून उठले. ती या बाजूने वाकली, त्या बाजूने वाकली. काही नाही. तिचा श्वास माझ्या चामड्यावर भराभर पडत होता. मी मुका झालो होतो. पलीकडे गर्दीत मास्तरांनी पाळणा उचलला, पण घंटेपुढे त्यांचा आवाज हेलकावे खाऊ लागला. कोणीतरी हसण्याच्या तयारीत तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात तुळसाने मान वर केली.

माणसांच्या डोक्यांवर, तुळईला बांधलेला, झेंडूने मढवलेला पाळणा झुलत होता. यंदा तो धक्के खात नव्हता. जाई, येई. जाई, येई. गुलालाच्या झुंबडीत मानकऱ्यांच्या बायकांच्या हातून दोरी सुटली होती आणि लेकीला बघायला पुढे घुसलेल्या जानकीच्या हाती ती आली होती. तापात फणफणलेल्या तुळसाला जिने रात्रंदिवस जोजवलं, तिला का पाळणा झुलवायला शिकवावं लागतं? ती आपली झुलवत होती, नेहमीसारखी.

तुळसाची मान एकदा पाळण्याबरोबर गेली. एकदा आली. पाळणा तिच्याकडे आला आणि तिचे हात माझ्यावर पडले.

एक मोठी, दोन लहान. एक मोठी, दोन लहान.

घंटा वाजत होती. तिच्यासाठी घंटा नव्हतीच. गरनाळ धडाडत होती. तिला तिचा पत्ता नव्हता. जो गदारोळ दरवर्षी आमचं गाणं गिळायचा, तो तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. सगळ्या देवळाचा ताल सुटला होता, माझा तेवढा सुटला नाही. मी घुमत राहिलो. आधी शेजारच्या टाळकऱ्याला मी ऐकू आलो. त्याने आपला टाळ माझ्याशी जुळवला. मग दुसऱ्याने. मग गर्दीपलीकडून दाजीमास्तरांनी तो ठेका पकडला आणि असा आवाज लावला, की घंटा वाजवणाऱ्याने आपणहून दोरी सोडली.

पहिलं कडवं झालं. दुसरं आलं, जिथे दरवर्षी पडायचं तेच. सगळ्यांनी श्वास धरला. दुसरं गेलं! तिसऱ्याला बायकांनी सूर दिला, चौथ्याला पुरुषांनी. पाळणा, पखवाज आणि गाणं एकाच लयीत झुलत होतं. शेवटच्या 'जो जो'ला तर बाहेर चपलांपाशी उभी राहिलेली माणसंही गात होती. माझं फणसाचं लाकूड त्या दिवशी पुन्हा पालवेल की काय, असं मला झालं.

गाणं संपलं. आणि मागच्या खांबापासून परशुराम घसा फुटेस्तोवर ओरडला, "पाळणो पडाक नाय रे! आज पाळणो पडाक नाय!"

काय तो जल्लोष! कोणी तुळसावर गुलाल टाकला, कोणी माझ्यावर. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून तुळसाच्या गळ्यात घातला. तिने तो काढला, गर्दीतून वाट काढत गेली आणि दोरी धरून रडत उभ्या असलेल्या आईच्या गळ्यात घातला. भाई सुंठवड्याचं ताट घेऊन आले. पहिला प्रसाद मानकऱ्यांचा, अशी रीत. भाईंनी पहिली चिमूट तुळसाच्या तळहातावर ठेवली. ओठ मोठाले हलवत, तिला कळेल असं म्हणाले, "घे गो, बाय."

मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "शनवारचा गाणा चालू ऱ्हवांदे."

"आनि कणीक," परशुराम मध्येच घुसला, "फुडल्या शनवारपासून माज्या घराकडसून!"

ती त्याने अखेरपर्यंत दिली, आणि तुळसाच्या शेजारी बसून तिला अवघड हातही शिकवले. त्याचं दुसरं बोलणंही खरं झालं. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, जन्मापासून न दिसणारा लवू शनिवारच्या गाण्याला येऊ लागला. मास्तरांनी त्याच्या बोटांखाली पेटी दिली. दोन वर्षांत लवू पेटीवर आणि तुळसा माझ्यावर, असं कीर्तन रंगलं. तेव्हा परशुरामच सगळ्यांना सांगत फिरत होता, "मी बोललंय नव्हतंय? आंधळ्यान पेटी वाजवूची म्हणून?" पाय लुळे असलेल्या यशोदेला तिचा भाऊ पाठीवर बसवून होडीने आणायचा. तिचा आवाज असा, की ती गाऊ लागली की खाडीतले नावाडी वल्ही थांबवत. उभं राहून करायचं ते कीर्तन तिने पाटावर बसून केलं. रामाची काही तक्रार आली नाही.

पुढे मीच थकलो. खारी हवा वाद्यांत शिरली, शाई तडकली, एका उंदराने डाव्या तोंडाची चव घेतली. कणकेचा दोष, दुसरं काय! माझ्या जागी नवा पखवाज आला आणि मी या खुंटीवर चढलो. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. कितीतरी दिवस माझ्या फडक्यावरची धूळही कोणी झटकली नाही. पण आता शनिवारचं गाणं तुळसा शिकवते. पडवीत शिंपल्या मांडते. एखादं नवं, बुजरं पोर आलं की मला खाली काढते, त्याचा गाल माझ्या डाव्या तोंडाला लावते आणि उजव्या बाजूला हळूच बोटं टेकते. माझ्यात अजून तेवढी धुगधुगी आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं आहे. जुन्या वाद्यांना खुंटीवर विसरू नका. त्यांना ऊन दाखवा, चामड्याच्या वाद्यांना तेलाचं बोट लावा. आणि कुठेही गाणं, नाच, चित्र, कीर्तन चाललेलं असेल, तर आधी उंबऱ्याबाहेर कोण बसलंय ते बघा. त्याला काय येत नाही, हे विचारत बसू नका. त्याला आत घ्या, मधोमध बसवा. अंगठा दिसेना झाला तर ते पोर आपणच पाळणा शोधील.

तेवढी कणीक मात्र तयार ठेवा. आणि गव्हाचीच, बरं का!